शहरातलं हॉटेल की बेटावरचं रिसॉर्ट?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. लग्नाला यंदा पंचवीस वर्षं होतायत आणि मोठ्या मुश्किलीने दोघांची आठवडाभराची सुट्टी एकत्र जुळून आली आहे. ह्यांच्या डोक्यात मालदीव आहे. पाण्यावरची खोली, समोर समुद्र, बाकी काही नको. माझ्या मनात सिंगापूर. मध्यवस्तीत चांगलं हॉटेल घ्यायचं, सकाळी बाहेर पडायचं, बागा, संग्रहालयं, मेट्रोने वाट्टेल तिकडे, आणि रात्री दमून परत. सोबत सासूबाई आहेत. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्याहून जास्त. त्यांना विचारलं की "तुम्ही न्याल तिकडे" एवढंच म्हणतात.

माझं मत स्पष्टच सांगते. इवल्याशा बेटावर आठवडाभर करायचं काय, हे मला खरंच कळत नाही. दोन दिवस समुद्र सुंदर दिसेल, पण तिसऱ्या दिवशी? ह्यांचं म्हणणं, शहरात आपण रोजच राहतो, सुट्टीतही तेच कशाला. दोन्ही केलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. खर्चाचं आमचं आम्ही बघू, तो मुद्दा इथे नको.

आग्यावेताळ
शहर. हॉटेल आवडलं नाही, जेवण जमलं नाही, तर रस्ता ओलांडून दुसरीकडे जाता येतं. बेटावर कुठे जाणार?

रातराणी
बेट! पंचवीस वर्षं यादी करून जगलात ना? एक आठवडा बिनयादीचा जगा.

दिगंत
पंचवीस वर्षांनंतरही नवरा म्हणतोय की समोर समुद्र आणि सोबत तू, बाकी काही नको. ताई, यावर धागा काढण्याआधी तिकिटं काढायला हवी होती. :)

नकाशाप्रेमी
आधी महिना सांगा, मग ठिकाण ठरवा. शहरातल्या हॉटेलला हवामानाचा फारसा फरक पडत नाही. पाऊस आला तर संग्रहालयात शिरायचं, थांबला की बाहेर. बेटावर मात्र हवामान हीच सगळी सुट्टी असते.

मालदीवमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडे दिवस आणि मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे. त्या काळात दिवसभर धो धो पाऊस लागतो असं नाही, पण वारा आणि लाटा असतात, पाणी गढुळतं, आणि स्पीडबोटीचा प्रवास कंबरेची परीक्षा पाहतो. हाच नियम सगळ्या उष्ण कटिबंधाला लावू नका. थायलंडचंच बघा. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला आहे, तिथे मे ते ऑक्टोबर पावसाचे. को सामुई आखाताच्या बाजूला, तिथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. एकाच देशातली दोन बेटं, पण पावसाळे वेगळे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा, आणि तेव्हा आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्यावर आदळत असतात. त्या महिन्यांत जाणाऱ्याने पश्चिम किनारा धरावा. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत मोसम.

बेट निवडणं म्हणजे महिना आणि बाजू निवडणं. छायाचित्रं बाराही महिने सारखीच दिसतात.

सोनचाफा
दिगंत, हे वाचून 'हे' भलतेच खूश झालेत. :)
नकाशाप्रेमी, सुट्टी जानेवारीअखेरची आहे.

नकाशाप्रेमी
मग मालदीवसाठी उत्तम वेळ. सिंगापूरला तेव्हा ईशान्य मोसमी वारे असतात. डिसेंबर-जानेवारी ओले, फेब्रुवारीकडे जाताना कोरडं होत जातं. छत्री न्या, अडणार काही नाही.

स्वागतकक्ष
मी काही वर्षं मालदीवच्या एका रिसॉर्टमध्ये आणि त्याआधी एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात स्वागतकक्षात काम केलं आहे. पाहुणे ज्या गोष्टी आल्यावर विचारतात आणि ज्या आधी विचारायला हव्यात, त्या सांगतो.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास. मालदीवमध्ये एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, अशी पद्धत आहे. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं तेव्हापासून साधारण असंच चालत आलंय. राजधानी मालेजवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, दिवसा आणि रात्रीही. लांबच्या बेटांवर सीप्लेन जातं, आणि ते फक्त उजेडात उडतं, कारण वैमानिक डोळ्यांनी पाहून पाण्यावर उतरवतो. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारनंतर मालेला उतरणार असेल तर सीप्लेन मिळणं कठीण. मग ती रात्र माले किंवा हुलहुमालेच्या हॉटेलात, म्हणजे बेटावरची एक रात्र गेली. परतीचंही तेच. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशीच बेट सोडावं लागतं. सीप्लेनची वेळ बहुधा आदल्या संध्याकाळी कळते, आणि सामानाची मर्यादा साधारण २० किलो मोठी बॅग आणि ५ किलो हातातली. अजून एक, काही रिसॉर्टचं घड्याळ मालेच्या तासभर पुढे असतं, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. सुटायची वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारून घ्या.

आता आईंबद्दल. सीप्लेनमध्ये चढायला हलत्या तराफ्यावरून अरुंद पायऱ्या असतात. आत वाकून चालावं लागतं, आवाज मोठा, वातानुकूलन नाही. कर्मचारी हाताला धरून चढवतात, पण गुडघा वाकायला हवाच. पाण्यावरची खोली लांब लाकडी धक्क्याच्या टोकाला असते. बॅटरीवरची गाडी बोलावली की येते, पण खोलीतून समुद्रात उतरायला बहुधा उभी शिडीच असते. आईंसाठी किनाऱ्यावरची खोली कितीतरी बरी. दाराबाहेर वाळू, आणि जेवणघरही जवळ मागून घेता येतं.

आणि डॉक्टर. काही रिसॉर्टमध्ये राहता डॉक्टर असतो, काहींमध्ये नसतो. मोठी रुग्णालयं मालेत. रात्री कुणाला छातीत दुखलं तर सीप्लेन नाही, बोटच. म्हणून सत्तरीपुढचं माणूस सोबत असेल, तर मी मालेच्या आसपासचं, स्पीडबोटीने गाठता येणारं बेट घ्या म्हणेन. लांबच्या बेटावरचा समुद्र जास्त निळा असतो असं काही नाही.

बापू_आजोबा
स्वागतकक्ष यांचा प्रतिसाद छापून ठेवण्याजोगा आहे. आमचं वय सोनचाफाताईंच्या सासूबाईंच्याच आसपास. या वयात 'किती बघितलं' यापेक्षा 'बाथरूम किती जवळ आहे' हे महत्त्वाचं, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय. शहर फिरताना तरुण मंडळी पुढे जातात, आम्ही मागे राहतो, आणि आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतंय हे मनाला लागतं. बेटावर आमच्यासाठी कुणाला थांबावं लागलं नाही. सगळेच थांबलेले असतात.

आग्यावेताळ
बापू, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण सगळी शहरं सारखी नसतात. सिंगापूरच्या प्रत्येक मेट्रो स्थानकात लिफ्टचा मार्ग आहे, पदपथ सपाट आहेत, चाकांची खुर्ची बहुतेक सगळीकडे जाते. आणि शहर म्हणजे नुसती खरेदी हा समज आधी काढून टाका. तिथली वनस्पती-बाग २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पहाटे ५ ला उघडते, आत जायला पैसे लागत नाहीत. सकाळी सातला तिथे तळ्याकाठी बसलात तर कुठल्याही बेटाइतकीच शांतता असते.

आणि आशियाई संस्कृतींचं संग्रहालय आहे ना, त्यात नवव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजातला माल ठेवलाय. जहाज अरबी बांधणीचं, फळ्या खिळ्यांशिवाय दोराने शिवलेल्या. आत चिनी मातीची भांडी, हजारोंनी. १९९८ साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ सापडलं. मोठाल्या रांजणांत वाडगे एकात एक गोलाकार रचून भरलेले होते, म्हणून इतक्या शतकांनीही शाबूत राहिले. त्यातल्या काही वाडग्यांवर चितारणाऱ्याने मासे, पक्षी अगदी चार फटकाऱ्यांत काढलेत. एकेक वाडगा बघत उभं राहिलं की वेळेचं भान राहत नाही. हे सोडून वाळूत आडवं व्हायचं, माझ्या बुद्धीला पटत नाही.

पाणबुड्या
आग्यावेताळ, वाळूत आडवं व्हायला सांगतंय कोण? पाण्यात उतरा!

सोनचाफाताई, तुमच्या 'तिसऱ्या दिवशी काय' या प्रश्नाचं उत्तर पाण्याखाली आहे. पण ते प्रत्येक बेटावर नाही, आणि इथेच लोक फसतात. जाहिरातीत जो फिकट निळा, काचेसारखा उथळ भाग दिसतो ते लगून. खाली नुसती वाळू. पोहायला, लहान मुलांना छान, पण बघायला फार काही नाही. प्रवाळ असतं ते कडेला, जिथे तळ एकदम खोल जातो आणि पाणी गडद होतं. ती कड किनाऱ्यापासून पोहून जाण्याइतकी जवळ असेल तर त्याला चांगलं हाऊस रीफ म्हणतात. उपग्रहाच्या नकाशात बेट मोठं करून बघा. फिकट पट्टा अरुंद आणि गडद पाणी जवळ असेल तर ते बेट घ्या. फिकट पट्टा लांबच लांब असेल तर रोज बोटीने जावं लागेल.

एकदा मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की पहिल्यांदा ऐकू येतं, मग दिसतं. करकर आवाज येतो. तो पोपटमाशाचा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळ खरवडतो, त्यावरची शेवाळं खातो, आणि दळलेला चुनखडा मागे सोडत पुढे जातो. पांढरा, धुरासारखा झोत निघतो. ज्या वाळूवर लोक आडवे होतात, तिच्यातली बरीचशी अशीच तयार झालेली असते. एकाच प्रवाळाच्या कपारीपाशी रोज त्याच वेळी गेलात तर तेच मासे भेटतात. समुद्रफुलातला विदूषकमासा आपल्याहून शेकडो पट मोठ्या माणसाच्या अंगावर धावून येतो, घर सोडत नाही. मला आठवडा कधीच पुरलेला नाही.

खरं तेही सांगायला हवं. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि मालदीवचं खूप प्रवाळ पांढरं पडून मेलं. काही ठिकाणी ते पुन्हा छान वाढतंय, काही ठिकाणी राखाडी ढिगारे आहेत. ताजे अभिप्राय वाचून ठरवा. आणि बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारू उपसागरातल्या मांटा रे माशांची चित्रं बघून जात असाल, तर ते साधारण जून ते नोव्हेंबरमध्ये जमतात, जानेवारीत नाही. स्कूबा डायव्हिंग केलंत तर शेवटच्या डुबकीनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. त्यामुळे शेवटचा दिवस नुसत्या स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरवर पोहण्याचा ठेवा.

रातराणी
पाणबुड्या, क्या बात है! +१००

मी पोहत नाही, तरी मला बेट आवडलं. संध्याकाळी पाण्याच्या रेषेवर बसायचं. शंखातले खेकडे निघतात, एखादा मोठा शंख रिकामा दिसला की त्याच्याभोवती घुटमळतात, आत-बाहेर करून मापून बघतात, आणि पसंत पडला तर क्षणात घर बदलतात. धक्क्यावर एक राखी बगळा असायचा, कुणी गळ टाकून बसलं की शेजारी येऊन उभा. आम्ही दोघं त्या बगळ्याबद्दल जितकं बोललो तितकं घरी आठवडाभरात बोलत नाही. सोनचाफाताई, हे मला शहरात कधीच मिळालेलं नाही. शहरात आम्ही 'आता कुठे' एवढंच बोलतो.

समिधा
सगळे समुद्राच्या रंगावर बोलतायत, तर दुसरी बाजूही नोंदवते. अशा बेटावर गोडं पाणी बहुधा समुद्राचं पाणी गाळून करतात, त्याला वीज लागते, आणि ती अजूनही बऱ्याच ठिकाणी डिझेलवर. भाजी, फळं, दूध जवळपास सगळं बाहेरून येतं, कचरा बाहेर जातो. मालेजवळचं थिलाफुशी हे बेट कचऱ्याच्या भरावानेच तयार झालंय. फिलिपिन्सला बोराकाय २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांना बंद ठेवावं लागलं. थायलंडची माया बे २०१८ ला बंद केली ती २०२२ पर्यंत, आणि ती बंद झाल्यावर छोटे शार्क परत आले. शहरातल्या हॉटेलात आपण आधीच उभी असलेली व्यवस्था वापरतो. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

पाणबुड्या
समिधा, तुमचं म्हणणं मान्य. म्हणून तर सौरऊर्जा किती, पाण्याच्या बाटल्या काचेच्या की प्लास्टिकच्या, प्रवाळावर काम करणारा जीवशास्त्रज्ञ बेटावर आहे का, हे विचारून रिसॉर्ट निवडावं. पण ज्याने जिवंत प्रवाळ एकदाही पाहिलं नाही, त्याला ते वाचवावंसं कसं वाटेल? मी याच मुद्द्यावर ठाम आहे.

समिधा
एकदा पाहणं आणि दर वर्षी जाणं यात अंतर आहे. पण सोनचाफाताईंच्या पंचविसाव्या वाढदिवसाला माझी हरकत नाही. :)

तिठा
रिसॉर्टचं बेट म्हणजेच मालदीव नव्हे. साधारण २००९ पासून लोकवस्तीच्या बेटांवरही छोटी अतिथिगृहं चालवायला परवानगी आहे. माफुशी, धिगुराह, थुलुसधू अशी बरीच आहेत. तिथे शाळा सुटते, मासेमारीच्या होड्या येतात, संध्याकाळी माणसं दोऱ्यांनी विणलेल्या खुर्च्यांत गप्पा मारत बसलेली असतात. रस्ता ओलांडून दुसरीकडे जेवायलाही जाता येतं, आग्यावेताळ! दारूबंदी असते, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो, त्याचा मान ठेवायचा. ज्यांना बेट हवंय पण कोंडून घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी हा तिसरा पर्याय.

आग्यावेताळ
हे मला माहीत नव्हतं. हे पटतंय.

कावेरी_
दोन्ही का नको? सिंगापूरहून मालेला थेट विमान आहे, साडेचार तासांच्या आसपास. आठवडा विभागा.

बापू_आजोबा
विभागायचंच तर आधी शहर, मग बेट. दमून विसावा घ्यावा, विसाव्यानंतर दमू नये.

स्वागतकक्ष
बापू, इथे मी उलट म्हणेन. आधी बेट, मग शहर. हवा बिघडली तर बोट आणि सीप्लेन दोन्ही खोळंबतात. बेटावरून निघून लगेच घरचं विमान पकडायचं असेल तर शेवटचा दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो. मध्ये शहर असलं की एखाद्या दिवसाचा उशीर पचतो. शिवाय परतीचं विमान रात्रीचं असेल तर शहरातलं हॉटेल सामान ठेवून घेतं आणि तुम्ही दिवसभर फिरता. बेटावर दुपारी बाराला खोली सोडली की निघेपर्यंत सार्वजनिक न्हाणीघर आणि ओले कपडे.

बापू_आजोबा
हा मुद्दा बिनतोड. माझं मत मागे घेतो, पण फक्त हवा खराब असल्यास. जानेवारीत हवा चांगली असते असं नकाशाप्रेमीच म्हणालेत. :)

उनाडकी
आणि सेंटोसा? सिंगापूरमध्येच बेट, मेट्रोच्या अंतरावर.

नकाशाप्रेमी
सेंटोसा मजेचं आहे, पण ते शहराचंच अंगण. किनाऱ्यावरची वाळू बाहेरून आणून घातलेली, आणि क्षितिजावर मालवाहू जहाजांची रांग. मला जहाजं बघायला आवडतात, पण सोनचाफाताईंच्या 'ह्यां'ना ज्याची ओढ आहे ते हे नव्हे.

अवांतर: मालेला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सिंगापूरला सातच्या सुमारास. दोन्ही विषुववृत्ताजवळच, फक्त सिंगापूरचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे लावलेलं. बेटावर संध्याकाळ लवकर संपते, वाचायला काहीतरी सोबत न्या.

दिगंत
घड्याळ पुढे लावणारी रिसॉर्टं, घड्याळ पुढे लावणारा देश... या सहलीत सोनचाफाताईंना किती वाजले ते कळायचंच नाही.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. पोपटमाशाचं वर्णन त्यांनी परत वाचायला लावलं, आणि मग पहिल्यांदा स्वतःहून म्हणाल्या, "मला तो आवाज ऐकायचाय." पोहता येत नाही, पण ऐकायचाय!

त्यामुळे आधी बेट, मालेजवळचं, स्पीडबोटीचं, तिघांनाही किनाऱ्यावरच्या लागून असलेल्या खोल्या. पाण्यावरच्या खोलीचा हट्ट ह्यांनी आपणहून सोडला. मग सिंगापूर, आणि त्यात शिवलेल्या जहाजातले वाडगे नक्की. तीन रिसॉर्टना पत्र लिहिलं: राहता डॉक्टर आहे का, पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत की शिडी, रीफची कड किनाऱ्यापासून किती लांब, सांगितलेल्या दरात कर आणि सेवाशुल्क धरलंय का. एकाचं उत्तर सविस्तर आलंय, नकाशासकट. एकाने नुसती पाण्यावरच्या खोलीची चित्रफीत पाठवली.

पाणबुड्या, सासूबाईंना पाण्यात कसं न्यायचं?

पाणबुड्या
नकाशा पाठवणाऱ्याकडेच जा!

आईंना वाहून न्यायला प्रवाह नको, म्हणून भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ तिथल्या पाणक्रीडा केंद्राला विचारून घ्या. जीवरक्षक जाकीट, सोबत प्रशिक्षक, आणि धरायला फुगीर कडं. आधी कंबरभर पाण्यात उभ्याउभ्याच मास्क लावून फक्त तोंड बुडवायचं आणि नळीतून श्वास घ्यायचा सराव करायचा. घाई नाही. पण त्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब आणि हृदयाबद्दल. त्यांनी नको म्हटलं तर काचेच्या तळाची होडी आहे. त्यात आवाज मात्र ऐकू येत नाही. सगळ्यांनी लांब बाह्यांचे पोहण्याचे अंगरखे घ्या. पालथं पडून पाठ भाजते आणि पाण्यात ते कळत नाही. शिवाय क्रीम कमी लागतं, प्रवाळालाही बरं.

सोनचाफा
डॉक्टरांची वेळ घेतली. अजून एक, ह्यांना जवळपास पाच नंबरचा चष्मा आहे. मास्कमध्ये चष्मा मावत नाही ना?

पाणबुड्या
नाही, दांड्यांमुळे कडेने पाणी शिरतं. नंबरचे मास्क मिळतात. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या काचा बसवता येतील असा घ्या, अर्ध्या नंबराच्या टप्प्यात तयार असतात. काही केंद्रांवर भाड्यानेही मिळतो, पण पाच नंबर असेलच याची खात्री नाही, तेव्हा इथूनच न्या. आणि मिशी आहे का त्यांना? असेल तर नाकाखालची कड नीट चिकटते का ते दुकानातच बघा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच राहिला तर तो तुमचा.

सोनचाफा
मिशी आहे, आणि भरघोस आहे. शनिवारी त्यांना घेऊन दुकानात जाते.